उल्का बघायला पत्र्यावर चढलो आणि मैत्रीण आत पडली: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझंच आहे, म्हणजे त्यातली दुसरी मुलगी मी. जी पडली तिला इथे मीनू म्हणते, खरं नाव वेगळं. कॉलेज कुठलं, हॉस्पिटल कुठलं, साल कुठलं हे मुद्दाम लिहीत नाहीये, बाकी घडलं ते तसंच्या तसं आहे. लिहून झाल्यावर मीनूला वाचायला दिलं तर ती दोन ठिकाणी माझ्याशी भांडली, ती भांडणं मी काढलेली नाहीत, कारण काय बिनसलं ते त्यातूनच जास्त कळतं.

पार्श्वभूमी

सेकंड इयर, इंजिनिअरिंग, हॉस्टेल. आम्ही दोघी एका खोलीत आणि तिसरी एक रूममेट, जी दहाला झोपायची आणि भूकंप झाला तरी उठली नसती. मीनूला आकाशाचं वेड. मला तसलं काही नाही, मला फक्त जिथे जायला मनाई आहे तिथे जायची खाज. ही जोडी जमली की काय होतं ते आधीच्या दीड वर्षात दोनतीनदा दिसलं होतं, म्हणजे गेट बंद झाल्यावर भिंतीवरून येणं, परीक्षेच्या आदल्या रात्री लायब्ररीत कोंडून घेणं वगैरे, पण दरवेळी निभावलं. एकदाही पकडलो गेलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं असं आता वाटतं.

डिसेंबर महिना होता. मिथुनेचा उल्कावर्षाव दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री भरात असतो. मीनूने मला आठवडाभर आधीपासून त्याचं पुराण ऐकवलं होतं, की बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात पण हा फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या धुळीमुळे होतो आणि तो लघुग्रह सापडला 1983 साली, की आकाश अगदी काळं असेल तर तासाला शंभरच्या वर उल्का दिसू शकतात, की मिथुन रास सगळ्यात उंच येते ती रात्री 2 च्या सुमाराला, त्यामुळे नऊ-दहाला जरा वर बघून झोपलं तर त्याला बघणं म्हणायचंच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधाराला डोळे पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, त्यात कुणी मोबाइल उजळला की सगळी मेहनत पाण्यात.

हॉस्टेलच्या गच्चीला दहाला कुलूप लागायचं. मैदानात मोठे दिवे. राहिला वर्कशॉपचा पत्रा. वर्कशॉप म्हणजे एक लांबलचक शेड, त्याच्या टोकाला खेळाच्या सामानाची स्टोअररूम, आणि आमच्या मागच्या जिन्याच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून कठडा ओलांडला की थेट त्या स्टोअररूमच्या पत्र्यावर पाय. दिवसा शंभरदा बघितलेली जागा. दिव्यांच्या उलट्या बाजूला, म्हणून अंधार मस्त.

पत्रा सिमेंटचा होता, जुना. आणि मध्ये मध्ये आत उजेड यावा म्हणून फायबरचे पारदर्शक पत्रे टाकलेले, तेही तितकेच जुने. प्रॅक्टिकलला आत उभं राहिलं की जमिनीवर उन्हाचे चौकोन पडलेले दिसायचे, त्या चौकोनात उभं राहायला आमच्यात मारामारी व्हायची. म्हणजे ते पत्रे कुठे आहेत हे आम्हाला माहीत होतं, फक्त आतून. वरून ते धुळीने माखून बाकीच्या पत्र्यासारखेच करडे झालेले, आणि रात्री तर विचारूच नका.

काय घडलं

साडेबाराला चढलो. एक सतरंजी, दोन शाली, मीनूची वही आणि पेन. मी मोठ्या शहाणपणाने तिला सांगितलं की बोल्टच्या ओळीवरूनच चाल, खाली लोखंडी अँगल असतो, हे वर्कशॉपमध्ये ऐकलेलं अर्धवट ज्ञान. खरं तर सिमेंटचा पत्रासुद्धा माणसाच्या वजनाने फुटतो, ज्यांना अशा छपरावर काम करायचं असतं ते फळ्या टाकून त्यावरून चालतात आणि कमरेला पट्टा बांधतात. फायबरचा पत्रा तर वर्षानुवर्षं ऊन खाऊन ठिसूळ झालेला असतो. आम्ही एका ओळीवर बसलो आणि तासभर काही झालं नाही म्हणून सगळा पत्राच पक्का आहे असं धरून चाललो.

मीनू वहीत रेघा मारत होती, एक उल्का एक रेघ, पाच झाल्या की आडवी रेघ आणि बाजूला वेळ. उजेड न करता, अंदाजाने. शहराच्या उजेडात तासाला शंभर वगैरे दिसणं शक्यच नव्हतं पण ज्या दिसल्या त्या खरंच भारी होत्या, एक तर पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या बाजूने निघून पार छपराच्या कडेपर्यंत गेली आणि आम्ही दोघी तोंड दाबून ओरडलो.

सव्वादोनच्या सुमाराला मीनूच्या मोबाइलवर काहीतरी आलं. तिने सवयीने स्क्रीन बघितली, मी शिव्या घातल्या, तिने बंद केला. आता दोघींच्या डोळ्यांसमोर हिरवा डाग. आणि नेमकं तेव्हाच ती उठली, म्हणाली मी पलीकडे बसते, इथून पाण्याची टाकी मध्ये येते. तीन पावलं टाकली असतील. वाळलेली फांदी मोडावी तसा एक आवाज, मग खाली लाकडावर धप्प, मग काहीच नाही.

साधारण 11 फूट. आधी टेबल टेनिसच्या टेबलाची कड आणि मग फरशी.

मी हाका मारल्या. किती वेळ उत्तर आलं नाही हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. दहा सेकंद असतील नाहीतर एक मिनिट. मला ते युगासारखं वाटलं असं लिहिणं सोपं आहे पण नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांना युग नको होतं, सेकंद हवे होते.

"मीनू! ए मीनू!"

"अगं ओरडू नकोस. ठीक आहे मी."

"लागलं का?"

"हात जरा. तू ओरडू नकोस, वॉचमन येईल."

इथे मीनूचं पहिलं भांडण. ती म्हणते मी असं बोलणं शक्यच नाही, पडल्यावर कुणी वॉचमनची काळजी करतं का. तिला ते वाक्य आठवत नाही, ती पडल्याचंही आठवत नाही. मला मात्र तिचा आवाज अजून ऐकू येतो, जरा जाड, झोपेतून उठल्यासारखा.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, गेटवर जाऊन वॉचमनला उठवणं. स्टोअररूमची किल्ली त्याच्याकडेच होती. मग रेक्टर मॅडम, मग घरी फोन, मग जे व्हायचं ते. दुसरा, तिथूनच ॲम्ब्युलन्सला फोन. हा माझ्या डोक्यात आलाच नाही. ॲम्ब्युलन्स म्हणजे रक्त, बेशुद्ध माणूस, आणि ही तर माझ्याशी बोलत होती. तिसरा, मी त्याच भोकातून खाली उतरणं. हा मात्र आला, आणि मी कडेपर्यंत सरकलेसुद्धा, पालथी पडून. तेवढ्यात हाताखालचा पत्रा करकरला आणि मी मागे आले. कुणी पडलं की दुसरा त्याच्यामागे जातो आणि एकाचे दोन पेशंट होतात, असं का होतं ते त्या रात्री मला कळलं. माणूस तेव्हा विचार करतच नाही, सरळ सरकायला लागतो.

चौथा पर्याय मीनूने दिला. स्टोअररूमला मागे एक दार होतं, आतून कडीचं. ती म्हणाली मी कडी काढते, तू जिन्याने खाली ये.

आणि तिने काढली. हे दार नसतं, किंवा त्या कडीला गंज चढून ती अडकलेली असती, तर मला झक मारत वॉचमनकडे जावं लागलं असतं आणि पुढचे अकरा तास वेगळे गेले असते. तेव्हा मात्र मी देवाचे आभार मानले होते.

कुणी 11 फुटांवरून डोक्यावर-पाठीवर पडलं असेल तर त्याला उभं करायचं नाही, मान हलवू द्यायची नाही, जागेवरच ठेवून मदत बोलवायची, हे मी एनसीसीच्या कॅम्पमध्ये शिकले होते. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. ती स्वतःच उठून चालत आली तेव्हा त्या सर्टिफिकेटचा विचारही मनात आला नाही.

रात्र

अडीच-पावणेतीनला खोलीत. कानाच्या वरती, डाव्या बाजूला, एक टेंगूळ. रक्त नाही. उजवं मनगट सुजलेलं. ती दिसायला बरी होती, हसतसुद्धा होती, उलट मीच थरथरत होते. दुखतंय म्हणाली म्हणून मी माझ्या कप्प्यातली पाळीच्या दुखण्याची गोळी दिली, मेफेनॅमिक ॲसिडची. डोक्याला मार लागल्यावर ही गोळी किंवा ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अशी गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नसते, कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढायला मदत होऊ शकते. हे मला माहीत नव्हतं. त्या वयात आम्ही सगळ्यावर तीच गोळी खायचो.

चारला तिला उलटी झाली. आम्ही दोघींनी एकमताने ठरवलं की घाबरल्यामुळे झाली.

मग डोक्याला मार लागला की झोपू द्यायचं नाही हे कुठेतरी ऐकलेलं आठवलं म्हणून मी तिला पाचपर्यंत जागं ठेवलं, गप्पा मारत, चिमटे काढत. मग मलाच झोप लागली. म्हणजे करायला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट. झोप येणं धोक्याचं नसतं, उठवल्यावर नीट न उठणं धोक्याचं असतं, म्हणून शेजारी कुणीतरी जागं हवं आणि अधूनमधून उठवून बघायला हवं. आमच्याकडे तसं बघायला कुणी उरलंच नाही, पाच ते सात दोघी गाढ.

सकाळचं खोटं

सातला मीनूचं मनगट दुप्पट झालं होतं. दवाखाना टाळता येणार नव्हता, त्यासाठी रेक्टर मॅडमची सही लागणार होती, आणि सही म्हणजे कारण. तेव्हा आम्ही बाथरूम ठरवलं. बाथरूममध्ये घसरली. आणि ते नुसतं ठरवलं नाही तर नीट बसवलं. साबण खाली पडला होता, त्यावर पाय पडला, बादलीवर हात आपटला. बादली निळी. मॅडमनी बादलीचा रंग विचारला असता असं आम्हाला खरंच का वाटलं देव जाणे.

भीती काय होती तर हॉस्टेलमधून काढतील, मग घरी परत, मग कॉलेजच बंद. मीनूचे बाबा कडक होते, काकू त्याहून. मी त्यांच्या घरी राहून आलेली, काका मला पोरीसारखं वागवायचे, त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन उभी राहू हाही भाग होता. हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा मी म्हणत होते की मीनू नको म्हणतेय ना, मग नको.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते, रात्रपाळीच्या शेवटी असावेत, शर्टाला शाईचा डाग. त्यांनी जे विचारायचं ते सगळं विचारलं. कशी पडलीस? बाथरूममध्ये. चक्कर, बेशुद्धी? नाही. उलटी? मीनूने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं नाही. डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, हात-पाय हलवायला लावले, मनगटाचा एक्सरे काढला, त्यात हाड मोडलेलं दिसलं नाही. क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, आणि एक छापील कागद, डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी, की यातलं काही झालं तर ताबडतोब परत या. मी तो घडी घालून जीन्सच्या मागच्या खिशात कोंबला.

त्या डॉक्टरांची चूक शोधायला गेलं तर मला सापडत नाही. डोक्याला मार लागला की प्रत्येकाचा सीटी स्कॅन काढत नाहीत, कुणाचा काढायचा याचे ठरलेले निकष असतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001 साली मांडलेला एक नियम बराच वापरला जातो, त्यात दोन किंवा जास्त उलट्या, मार लागण्याआधीच्या अर्ध्या तासाहून जास्त वेळ न आठवणं, आणि 3 फुटांपेक्षा किंवा 5 पायऱ्यांपेक्षा उंचावरून पडणं या गोष्टी धोक्याच्या धरल्या आहेत. बाथरूममध्ये घसरणं म्हणजे उंची शून्य. आम्ही 11 फुटांचं शून्य केलं, उलटीचं नाही केलं, आणि काय आठवत नाही हे तर कुणी विचारायची वेळच येऊ दिली नाही, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी देत होते, आणि मला सगळं आठवत होतं.

दुपार

अकरापर्यंत मीनू ठीक होती. चहा घेतला, शेजारच्या मुलींना बादलीची गोष्ट सांगितली, छान रंगवून. साडेअकराला पुन्हा उलटी. मग झोपली. मी लेक्चर बुडवून बसले होते, त्याचं श्रेय घ्यायला नको, मनगटामुळे तिला पाणी ओतून द्यायला कुणी हवं होतं म्हणून बसले.

एकच्या सुमाराला तिला उठवलं. उठायला वेळ लागला. डोळे उघडून म्हणाली, "आपण उल्का बघितल्या का गं?"

मी म्हटलं, "बघितल्या की."

दोन मिनिटांनी परत, "आपण उल्का बघितल्या का?" त्याच सुरात. मला वाटलं चेष्टा करतेय, ती करू शकते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिशातला कागद काढला. घामाने घडीवर फाटला होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: वारंवार उलटी, जास्त झोप, गोंधळल्यासारखं बोलणं.

तरी मी पाच मिनिटं बसून राहिले. आता जाऊन परत बाथरूमचंच सांगू आणि म्हणू की बिघडलंय, असाही विचार केला, म्हणजे खोटंही टिकेल आणि इलाजही होईल. आज यावर हसू येत नाही. शेवटी मी रेक्टर मॅडमच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात ओकले, पत्रा, भोक, कडी, बादली, सगळं.

मला वाटलं होतं आधी झापतील. त्यांनी एकच विचारलं, "किती उंचावरून?" मी सांगितलं आणि त्यांनी फोन उचलला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या खोलीत येऊन बसल्या, मीनूचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी हात लावून. झापलं तीन दिवसांनी, व्यवस्थित.

निष्पन्न

मोठ्या हॉस्पिटलात सीटी झाला. कानाच्या वरच्या हाडाला बारीक तडा, आणि हाड व मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये थोडं रक्त साठलेलं. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, तडा गेला की ती फाटू शकते. अशा रक्तस्रावात काही पेशंट आधी काही तास अगदी चांगले असतात, बोलतात, चालतात, आणि मग घसरतात. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन 2009 च्या मार्चमध्ये स्की करताना पडल्या, मी ठीक आहे म्हणाल्या, आलेली पहिली ॲम्ब्युलन्स परत गेली, तासाभराने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांत त्या गेल्या. त्यांना हाच रक्तस्राव झाला होता. हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचलं, वाचायला नको होतं.

मीनूचा साठा लहान होता. सहा तासांनी परत सीटी काढला, वाढला नव्हता, ऑपरेशन लागलं नाही. दोन रात्री आयसीयूत, दर तासाला कुणीतरी येऊन तिला नाव, वार, जागा विचारायचं. तिसऱ्या दिवशी ती वैतागून नर्सना म्हणाली की मलाच माहीत आहे का अजून, तुम्हीही लक्षात ठेवा जरा. तेव्हा काकू पहिल्यांदा रडल्या, तोवर अजिबात नाही. काका माझ्याशी बोलले नाहीत. महिनाभराने बोलले.

मनगटाची गोष्ट निराळीच. पहिल्या एक्सरेत काही नव्हतं, पण बारा दिवसांनीही अंगठ्याच्या मुळाशी जो खड्डा असतो तिथे दाबलं की ती किंचाळायची. परत एक्सरे, आणि त्यात स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं निघालं. पसरलेल्या हातावर पडलं की हेच हाड जातं, पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही, आणि त्याला रक्तपुरवठा उलट्या टोकाकडून होतो म्हणून जुळायला वेळ घेतं. दहा आठवडे प्लास्टर, उजवा हात, ड्रॉइंगचा पेपर गेला.

आणि शिक्षा, जिच्या भीतीने हे सगळं केलं? माफीपत्र, पंधरा दिवस संध्याकाळी बाहेर जायचं बंद, आणि नवीन पत्र्याचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून. गॅलरीला जाळी लागली.

निर्णयाच्या जागा, आता बघताना

पत्र्यावर चढणं चूकच, त्यावर जास्त काय लिहायचं. एवढंच, की आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. नंतर मॅडम म्हणाल्या की पत्र्याला आणि गच्चीला मी नाहीच म्हटलं असतं, पण मैदानाचे दिवे तासभर बंद करायला वॉचमनला सांगितलं असतं. विचारून नाही मिळण्यापेक्षा न विचारता करणं आम्हाला सोपं वाटायचं, आणि त्यात मजाही होती, ते नाकारत नाही.

मला जास्त छळतं ते पडल्यानंतरचं. बाकीचं सगळं एका वाक्यावर उभं होतं, की मीनू नको म्हणतेय. वॉचमन नको, मॅडम नकोत, घरी नको. मी स्वतःला चांगली मैत्रीण समजून तिचं ऐकत गेले. पण ते सांगत होतं कोण? जिच्या डोक्याला तडा गेला होता ती. डोक्याला मार लागलेल्या माणसाने मी ठीक आहे म्हटलं तर त्याला अर्थ नसतो, कारण ठीक आहे की नाही हे ठरवणारी वस्तूच आपटलेली असते. आता हॉस्टेलवरच्या पोरींशी बोलते तेव्हा मी हेच सांगते, की पडलेलीला विचारा, तिचं नाव विचारा, शेवटचं काय आठवतं ते विचारा, पण पुढे काय करायचं ते तिला विचारू नका. ते तुम्ही ठरवा, नाहीतर तुमच्यापेक्षा मोठं कुणीतरी ठरवेल.

इथे मीनूचं दुसरं भांडण, आणि ते मोठं आहे. ती म्हणते तू हे सगळं माझ्यावर ढकलतेयस. बाथरूमची आयडिया तुझी, बादली तुझी, डॉक्टरांना नाही तू म्हणालीस, तुझं डोकं तर शाबूत होतं. बरोबर आहे. बाथरूम कुणी काढलं यावर आम्ही कित्येकदा वाद घातलाय आणि तिला त्या रात्रीचं काही आठवत नसल्यामुळे मी जिंकू शकते, नेहमीच. म्हणून आता मी वाद घालणं सोडलंय.

समजा सगळं तसंच घडलं असतं, पण कॅज्युअल्टीत तरी मी खरं बोलले असते तर? मला वाटतं तेवढ्यानेही बरंच वाचलं असतं. मॅडमना हवं तर बादली सांगा, पण डॉक्टरांना उंची सांगा. आपण सांगितलेलं ते हॉस्टेलला कळवतीलच असं धरून बसलो होतो, एका शब्दाने विचारलं नाही. आणि मीनूला एकटीला उत्तरं देऊ द्यायला हवी होती. तिने "शेवटचं काय आठवतं" ला उत्तर देऊन बघितलं असतं तर तिथेच उघडं पडलं असतं, मी काहीही लपवलं तरी.

कारण वही होती. दुसऱ्या हॉस्पिटलात न्यूरोसर्जननी विचारलं की तिला नेमकं कुठपर्यंत आठवतंय, तेव्हा मी खोलीवरून वही मागवून घेतली. तिला नववी उल्का आठवत होती, ती छपराच्या कडेपर्यंत गेलेली, आम्ही तोंड दाबून ओरडलो ती. आकडा आणि वेळ दोन्ही पाठ, कारण ओरडण्याच्या नादात तिने नंतर पाच पूर्ण व्हायच्या आतच वेळ लिहिली होती, 1:40. पडली सव्वादोनच्या पुढे. डॉक्टरांनी वही हातात घेतली, पान उलटं-सुलटं करून बघितलं, आणि केसपेपरवर लिहिलं, अर्ध्या तासाहून जास्त.

वही आता मीनूकडे आहे. त्या पानावर 17 रेघा आहेत, शेवटच्या दोन तिरक्या, पण तिच्याच हाताच्या. ती म्हणते 9 बघितल्या, बाकीच्या आठ मी नंतर मारल्या असतील.